सात केशरी जॅकेटं

१

"बेन, पोरीला बी जॅकेट घाल. मागून मोजायला घोळ नको."

दुधनीच्या धक्क्यावर झुंबरने मला हे सांगितलं आणि एक छोटं केशरी लाइफ जॅकेट पुढे केलं. मी ते नाकाशी नेलं. ओल, बुरशी आणि मासळी. ओवीची कातडी नाजूक. तिच्या तीन वर्षांत आमचे त्वचेचे तीन डॉक्टर झालेत. मी जॅकेट परत दिलं.

"मांडीवरच असणार आहे ती माझ्या."

झुंबर नावाडी. धरणाच्या पाण्यावर उभा जन्म गेलेला माणूस. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओवीकडे, आणि ते जॅकेट खोपटात टाकून दिलं.

मी बेफिकीर बाई नाही. उलटच आहे. सिल्वासाच्या भाजीबाजारात जातानाही माझ्या पिशवीत थर्मामीटर असतो. अभिजीत, माझा नवरा, म्हणतो की अमृता, तू झोपेतसुद्धा पोरीचे श्वास ऐकत असतेस. खरं आहे ते. म्हणूनच हे लिहिणं मला जड जातंय.

कारण त्या दिवशी सव्वाचारला आम्ही पाण्यावरून परत आलो, टपरीवर चहा सांगितला, आणि साडेचारला कारभारी नावाच्या आमच्या सोबतच्या माणसाने सहज विचारावं तसं विचारलं, "माय कुठे?"

सरुबाई, त्याची म्हातारी आई, कुठेच नव्हती.

झुंबर खोपटासमोर उभा होता. पायाशी जॅकेटांचा ढीग.

"सात गेले, सात आले," तो म्हणाला. "म्या सोता मोजलं."

२

सात म्हणजे कोण, ते आधी सांगते.

ललित नावाच्या एका हौशी माणसाने मार्चमध्ये ही सफर सुरू केली होती. कागदावर नाव छापलं होतं 'वर्षावन जलमोहीम'. दोन छोट्या नावा, वल्ह्यांच्या. इंजिन नाही, म्हणजे जनावरं बुजत नाहीत. पाणी जिथे जंगलात बोटासारखं घुसतं तिथपर्यंत जायचं, काठावर तासभर उतरायचं, परत.

"एवढं काही वर्षावन नाही हो हे," दत्तात्रय सर कागद वाचून म्हणाले होते. "पण छापायला पाऊस फुकट मिळतो."

दत्तात्रय सर आणि अलकाकाकू आमचे शेजारी. सर मूळचे चिपळूणचे, सिल्वासाच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. अभिजीतला कचेरीतून रजा मिळाली नाही, म्हणून मी ओवीला घेऊन या दोघांबरोबर आले. आमच्या नावेत चौथी सरुबाई. वल्ही झुंबरच्या हातात.

दुसऱ्या नावेत सरुबाईंचा मुलगा कारभारी, सून मंजुषा, आणि स्वप्नील नावाचा एक फोटोग्राफर, ज्याचा कॅमेरा ओवीपेक्षा मोठा होता. ती नाव झुंबरचा भाऊ कल्पेश चालवत होता. ललित त्याच नावेत पुढे उभा. त्याचं जॅकेट पिवळं. बाकी आम्ही सातजण केशरी.

कारभारी नरोलीला धाग्याच्या कारखान्यात कामाला. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात त्याच्या घोषवाक्याला बक्षीस मिळालं, ते म्हणजे या सफरीचे तीन पास. म्हातारी गावाहून, शिरपूरकडून, महिनाभरासाठी आलेली. नवरा-बायको एका नावेत बसले आणि तिला आमच्या नावेत जागा मिळाली.

"पोरगं बायकोजोडे बठनं," सरुबाई मला म्हणाल्या आणि हसल्या. "बठू दे. तिले पान्यानी भीती वाटस."

अर्ध्या वाटेत त्यांनी ओवीला आपल्याकडे घेतलं, तिच्या पायाच्या बोटांना पाच नावं ठेवली. मला त्यांची भाषा निम्मी कळायची. ओवीला पूर्ण कळत होती असं दिसलं.

जंगलात शिरलो तसं बोलणं बंद झालं. ललितचा नियमच तसा होता. "आत कोणी हाक मारायची नाही, शिट्टी नाही, टाळी नाही. निघायची वेळ झाली की मी हिरवं निशाण दाखवेन. निशाण दिसलं की नावेत." साग, सादडा, मध्येच बांबूची बेटं, आणि पाण्यावर इतकी सावली की उन्हाचे फक्त ठिपके. उंबराच्या फांदीवर खंड्या बसला होता. पलीकडून धनेशाच्या पंखांचा आवाज आला, कोणी जाड सतरंजी झटकावी तसा. स्वप्नील उभाच राहिला, नाव डुचमळली आणि मंजुषाने डोळे मिटून घेतले.

काठावर उतरलो. उकडत होतं म्हणून काहींनी जॅकेटं काढून ठेवली. ओवी झोपली होती, तिला चटईवर ठेवलं. ललित सगळ्यांना बिबट्याच्या पावलांचे ठसे दाखवायला घेऊन गेला. सरुबाई म्हणाल्या, "जाय, मी शे ना." आणि मी गेले. दहा मिनिटं. फार तर बारा.

परत आले तेव्हा ओवी जागी होऊन कुरकुरत होती. पाणी हवं होतं आणि तिची हत्तींची गुलाबी बाटली रिकामी. अंगावर केशरी जॅकेट, दुमडून बांधलेलं. मला वाटलं, झुंबरने ते लहान जॅकेट आणलंच बरोबर, आणि घातलंही. मला जरा लाजच वाटली. बंद नीट आवळले आणि गप्प बसले.

सरुबाईंनी बाटली उचलली. "जिरा पाहीसन येस मी," म्हणाल्या आणि निघाल्या.

जिरा सोडा! दुसऱ्या नावेत ललितच्या बर्फाच्या पेटीत त्याच्या बाटल्या होत्या, ती नाव वळणापलीकडे बांधलेली. तीन वर्षांच्या मुलीला सोडा? मी दबक्या आवाजात म्हटलं, "ओवीला सोडा नका हं देऊ!" त्यांनी ऐकलं नसावं. ओवी पुन्हा पेंगली. थोड्या वेळाने वळणावर हिरवं निशाण हललं.

सरुबाई तिकडेच मुलाजवळ बसल्या असणार, असं मी धरून चालले.

३

"आता प्रत्येकाने आठवून सांगायचं," सर म्हणाले. टपरीच्या बाकड्यावर ते असे बसले जसे परीक्षेच्या हॉलमध्ये बसत असतील. "शेवटचं कोणी पाहिलं?"

"सर, त्या इथेच असतील," ललित म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "सात मोजलेत ना. म्हणजे उतरल्या. रस्त्याकडे गेल्या असतील, कुठे आडोशाला..."

"वीस मिनिटं आडोशाला?" अलकाकाकू म्हणाल्या. त्यांनी तोवर पोलीस चौकीला फोन लावलाही होता; माणूस यायला तास लागेल, असं उत्तर आलं होतं.

मी पुढे झाले. "मला म्हणाल्या होत्या जिरा प्यायला जाते. कल्पेशच्या नावेकडे."

सगळे कल्पेशकडे वळले. "पेटीचं झाकण पण नाय उघडलं कोणी," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्या माजी आलेच नाय माझ्याकडे."

"मग इथल्या टपऱ्यांवर गेल्या असतील जिरा शोधत," ललितला आधार सापडला. "बघा!"

मग आम्ही टपऱ्या पालथ्या घातल्या. भजीवाला, नारळवाला, मक्याची कणसं भाजणारी बाई. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, कोणी पाहिली? कोणी नाही. माझ्या त्या एका वाक्याने सहा माणसांची पंधरा मिनिटं खाल्ली, हे तेव्हा कोणाला माहीत होतं!

सूर्य अजून वर होता, पण डोंगराच्या दिशेने सरकायला लागला होता. झाडांखाली सहा-साडेसहालाच काळोख पडतो. म्हातारीला मोतीबिंदू.

माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. सर पाणी प्यायला उठले तसं मी त्यांना बाजूला घेतलं.

"सर, सांगू की नको कळत नाही. दुपारी नावेत बसायच्या आधी मी त्या मंजुषाला नवऱ्याशी बोलताना ऐकलं. डोळे लाल होते. म्हणत होती, 'आज सोडूनच यायचं होतं तर मला कशाला आणलं?'"

"सोडून? कोणाला?"

"आणखी कोणाला?"

सर कारभारीजवळ गेले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "कारभारी, आज संध्याकाळी तू आईला कुठे सोडणार होतास?"

कारभारीचा चेहरा पडला.

४

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. सिल्वासाहून शिरपूरला जाणाऱ्या रात्रीच्या बसचं तिकीट. एकच.

"मायला माहीत नाही अजून," तो म्हणाला. "सर, आमची दोघांची ड्युटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. रूम दहा बाय दहा. माय दिवसभर एकटी. बाजूला सगळे यूपी-बिहारवाले, तिची बोली कोणाला समजत नाही. मागच्या हप्त्यात स्टो पेटता राहिला. मला मशीनवर ध्यान लागत नाही. म्हटलं, एक दिवस फिरवू, मग गाडीत बसवू."

"फिरवू आणि बसवू!" मंजुषा इतका वेळ गप्प होती, ती एकदम उसळली. "बकऱ्याला हार घालता तसं! मी म्हटलं ना, मी शिफ्ट बदलून मागते. सुपरवायझरच्या पाया पडते. गावाला कोण आहे त्यांना? तिथं पण एकट्याच. इथं रात्री तरी माझ्याशी बोलतात."

मी मान खाली घातली. ज्या बाईवर मी संशय घेतला, तीच एकटी म्हातारीसाठी भांडत होती.

"आत्याबाईंना कळलं असंन," मंजुषाने पदर तोंडाला लावला. "तिकीट पाहिलं असंन खिशात. म्हणून निघून गेल्या."

"तिला वाचता येत नाही," कारभारी पुटपुटला.

"बसचं चित्र तर दिसतं ना!"

तेवढ्यात सरांचं लक्ष दुसरीकडे गेलं. स्वप्नील, तो फोटोग्राफर, आपली मोटरसायकल हळूच वळवत होता.

"अहो, थांबा," सरांनी हाक दिली. "तुमचे आजचे फोटो बघायचेत."

"पक्ष्यांचे आहेत, सर. माणसांचे नाहीत."

"सरुबाईंनी तुम्हाला काठावर दटावलं होतं. फोटो काढू नको म्हणाल्या. मी ऐकलंय."

"एकच काढलेला, तोही डिलीट केला." त्याने कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरली. "मला उशीर होतोय."

"एक म्हातारं माणूस हरवलंय आणि तुला उशीर होतोय?" अलकाकाकू त्याच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या. त्या मराठी शिकवायच्या, पण शाळेत सरांपेक्षा पोरं त्यांना घाबरायची. "काय आहे त्या कॅमेऱ्यात?"

५

धनेशाचं घरटं होतं. ललितने दोरी बांधून अडवलेल्या भागात शिरून, ढोलीच्या अगदी जवळून काढलेले फोटो. ललितचे डोळे विस्फारले.

"घरट्याचं नंतर बघा," सर म्हणाले. "मला परतीचे दाखव. आमच्या नावेचे."

एक होता. मागून काढलेला. तिरकं ऊन, पाण्यावर सोनेरी पट्टा, उभा झुंबर आणि त्याच्यापुढे चार केशरी पाठी.

"हे बघा!" झुंबर जवळजवळ ओरडलाच. "चार! म्या बोललो ना? जाताना चार, येताना चार. त्या नावेत तीन. सात."

सगळ्यांनी श्वास सोडला. फोटोच होता समोर. म्हणजे म्हातारी नावेत होती. म्हणजे इथे उतरली. म्हणजे रस्ता, जीपगाडी, किंवा कोणीतरी माणूस. कारभारी रस्त्याकडे धावायलाच निघाला.

"थांब," सर म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा मी. हे टक्कल सगळ्या सिल्वासाला पाठ आहे. ही छत्री धरलेली अलका. ही अमृता, केस सोडलेली. आणि मध्ये ही चौथी. स्वप्नील, हे मोठं करतोस? या चौथ्या बाईचं डोकं का दिसत नाही?"

त्याने चित्र मोठं केलं. केशरी कॉलर. कॉलरच्या वर डोकं नाहीच. फक्त पिवळ्या रबरात बांधलेली एक इवलीशी शेंडी.

ती शेंडी मी सकाळी बांधली होती.

"ही सरुबाई नाहीये," मी म्हणाले. "ही ओवी आहे. फळीवर, माझ्या नि काकूंच्या मध्ये टेकवून झोपवली होती."

सरांनी झुंबरला विचारलं, "पोरीचं ते लहान जॅकेट कुठे आहे?"

झुंबर खोपटात गेला आणि ते घेऊन आला. छोटं, कोरडं, तसंच. जागचं हललेलंच नव्हतं.

"म्हणजे बघा," सर सावकाश बोलत होते, फळ्यावर पायरी-पायरीने लिहावं तसे. "जाताना सात मोठी माणसं, सात मोठी जॅकेटं. पोरगी मांडीवर, बिनजॅकेटची. येताना सात जॅकेटं आली खरी, पण त्यातलं एक पोरीच्या अंगावर. आम्ही सहाजण आपापलं घालून आलो. मग पोरीच्या अंगावर होतं ते सातव्या माणसाचं. सरुबाईंनी स्वतःचं काढून पोरीला घातलं, तेही काठावर, अमृता ठसे बघायला गेली तेव्हा. आणि बिनजॅकेटचं मोठं माणूस परतताना कुठल्याच नावेत नव्हतं."

"म्या केशरी मोजलं," झुंबर जमिनीवर बसला. "माणूस नाय मोजलं, सर."

"आम्ही तिच्या शेजारी बसून तेही मोजलं नाही," सर म्हणाले. "तू तरी काहीतरी मोजलंस."

मी जॅकेट परत दिलं नसतं तर ओवीच्या अंगावर तिचं स्वतःचं असतं. झुंबरने येताना सातच मोजली असती आणि आठ हवीत म्हणून थांबला असता. आणि परतीच्या वाटेवर मी अर्धा तास माझ्या मुलीच्या जॅकेटाचे बंद तपासत होते. ते कोणाचं आहे, हे एकदाही बघितलं नाही.

"पण मग माय काठावर का नव्हती?" कारभारी म्हणाला. "निशाण दिसलं असतं तिला."

ललित अगदी हळू बोलला. "जॅकेट नव्हतं अंगात. काठ निसरडा आहे. जर पाण्यात..."

मंजुषाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

६

"नाव सोडा!" सर उठले. झुंबर आणि कल्पेश आधीच धावले होते. "अमृता, जाता जाता सांग. नेमकं काय म्हणाल्या त्या? शब्द न बदलता."

"जिरा प्यायला जाते म्हणाल्या."

"हे तुझे शब्द झाले. त्यांचे सांग."

मी डोळे मिटले. "'जिरा पाहीसन येस मी.'"

मंजुषाने कानांवरचे हात काढले. "काय? पाहीसन?"

"हो. 'जिरा पाहीसन येस.'"

"अहो ताई, जिरा कोणी पाहून येतं का? जिरा पिऊन येतं!" ती रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. "जिरा नही, झिरा! झिरा! आमच्याकडे नदी आटली की वाळूत खड्डा करता, त्याच्यात पाणी झिरपतं, तो झिरा. उन्हाळाभर तेच पितात. आत्याबाई झिरा शोधायला गेल्यात!"

"बाटली घेऊन," मी म्हणाले. "ओवीची बाटली घेऊन. ओवीला तहान लागली होती."

"तिथं वाळू कुठंय?" सरांनी झुंबरला विचारलं.

झुंबरने वल्हं पाण्यात टाकलं. "बांबूच्या मागे कोरडा नाला हाय. काठावरून नाय दिसत. निशाण बी नाय दिसायचं तिथून."

शोधायला एकाच नावेत आम्ही बसलो: कारभारी, मंजुषा, सर, ललित आणि मी. दोघे भाऊ मिळून वल्ही मारत होते. ओवीला काकूंकडे ठेवलं. तिच्या जन्मापासून पहिल्यांदा मी तिला सोडून पाण्यापलीकडे जात होते आणि मला तिची नाही, दुसऱ्याच कोणाची काळजी लागली होती.

काठ आला. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. चटईची खूण होती, माणूस नव्हतं. पाण्यालगतच्या चिखलात अनवाणी पावलांचे ठसे. येऊन उभे राहिलेले, मग परत फिरलेले. कारभारी त्या ठशांवरून बांबूत घुसला, आम्ही मागे.

नाला वळला आणि त्या दिसल्या.

कोपराएवढा खोल खड्डा, बाजूला ओल्या वाळूचा ढीग. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. सरुबाई सावलीत पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर हत्तींची बाटली. काठोकाठ भरलेली, आतलं पाणी काचेसारखं.

"इतला येळ?" त्या म्हणाल्या.

कारभारी त्यांच्या पायाशी बसला. मंजुषाने त्यांचे वाळूने भरलेले हात आपल्या हातात घेतले.

"पहिलं पानी गढूळ निंघनं, फेकी दिधं," सरुबाई मला समजावून सांगू लागल्या, जणू उशीर झाला याचा मीच जाब विचारणार होते. "दुसरं बी फेकी दिधं. मंग नितळू दिधं. तुनी पोरनं पोट नाजूक ना. घाई करीसन चालत नही."

"आणि मग?"

"मंग काठवर उनू, तं नावच नही." त्यांनी हात झटकले. "म्हन्तं येतीन. सावलीमां बसू."

"आजी, हाक का नाही मारली?" ललित कळवळून म्हणाला. "आम्ही फार लांब गेलो नव्हतो. ऐकू आलं असतं."

सरुबाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "तूच सांगं व्हतं ना, जंगलमां वरडानं नही?"

ललितने खिशातलं हिरवं निशाण काढलं, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा घडी करून ठेवलं.

"पोर जागी व्हयनी का?" त्यांनी मला विचारलं आणि बाटली पुढे केली.

७

त्या रात्रीची बस त्यांनी पकडली नाही. कारभारीने तिकीट दाखवलं तेव्हा म्हणाल्या, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला जाईन, लेकी माहेरी येतात तेव्हा. आखाजी आली, गेली, त्या राहिल्या. मंजुषाला शिफ्ट बदलून मिळाली नाही. ललितने मात्र नियम बदलला. आता निघताना तो एकेकाचं नाव घेऊन मोठ्याने हाक मारतो आणि ओ आल्याशिवाय नाव सोडत नाही. धनेश बुजतात, अशी स्वप्नीलची तक्रार आहे. त्याची ढोलीजवळची वारी बंद झाली, हे तो सांगत नाही.

मी दर गुरुवारी ओवीला घेऊन नरोलीला जायचे. सरुबाई तिला दादरे, त्यांच्याकडची गाणी, म्हणून दाखवायच्या आणि मला भाकरी थापायला बसवायच्या. माझी भाकरी पाहून म्हणायच्या, "हाई कोनता देशना नकाशा शे?"

जूनमध्ये अभिजीतची बदली दीवला झाली. सर आणि काकू चिपळूणला घर बांधायला गेलेत. मी रोज दुपारी फोन करायचे, त्या उचलायच्या, ओवी पलीकडे मुके घ्यायची. गेले सहा दिवस फोन बंद आहे. काल रात्री कारभारीला लावला. मशीनचा आवाज होता, तो ओरडून म्हणाला, "मॅडम, माझी आता नाइट चालू आहे, मंजुषा गावाला गेलीय भावाच्या लग्नाला. माय असंन रूमवर. चार्जिंग संपलं असंन." मी म्हटलं, तू सकाळी पाहिलंस का? तो म्हणाला, "मी येतो तव्हा ती गोधडी घेऊन पडलेली असते, मी झोपून जातो."

मला इथून निघायला परवा उजाडेल. म्हणून हे आज लिहून पाठवतेय.

तुम्ही सिल्वासाकडे राहत असाल, किंवा वापीहून त्या रस्त्याने जाणार असाल, तर नरोलीला एवढं करा. धाग्याच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची चाळ आहे. आत शिरलं की डाव्या हाताला चौथी खोली, निळं दार, बाहेर तुळशीऐवजी ओव्याचं झाड लावलेला तेलाचा डबा. दिवसाच जा. कडी वाजवा, अमृताने पाठवलं म्हणा. आतून लगेच उत्तर आलं नाही तर शेजारचा कोणीतरी सांगेल की म्हातारी झोपली असेल, नंतर या. त्याचं ऐकू नका. दार उघडून त्या स्वतः समोर येईपर्यंत तिथून हलू नका.